दोन सेकंद चालणारी गाडी आणि बाबांची लॉगशीट

दिवस पहिला : पुणे, महाबळेश्वर, दापोली

पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो सव्वासातला. माणसं तीन आणि आईच्या पिशव्या अकरा. बाबा मात्र पाचपासून गाडीभोवती फिरत होते. टायरची हवा, कूलंट, ऑइल, वायपरचं पाणी. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं काढलेला माणूस. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी दारातून निघणारी गाडी त्यांनी ‘पास’ केल्याशिवाय हलत नाही. दापोडीचा माणूस दापोलीला चालला, हा विनोद त्यांनी एकदा कात्रजच्या बोगद्यात केला आणि एकदा खंबाटकी चढताना.

गाडी २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक, मी सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. वाईहून पसरणी घाट तिने तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर निमूट चढला. महाबळेश्वरला बाजारात आईने मध घेतला, भाजलेले चणे घेतले, जांभळाचं सरबत घेतलं आणि माझ्या चाव्यांकडे बघून म्हणाली, “हे काय ध्यान घेऊन फिरतेस?” ध्यान होतंच. दोन आठवड्यांपूर्वी चावीचं पातं मानेपाशी तुटलं होतं. घराजवळच्या चावीवाल्याने त्याच खाचांची साधी चावी कापून दिली आणि जुन्या चावीचं बटणांचं डोकं हातात ठेवत “हे टाकू नका बरं का” म्हणाला. दार लॉक-अनलॉक करायची बटणं त्यातच, म्हणून मी ते नव्या चावीबरोबर एका छोट्या रिंगमध्ये कोंबलं होतं. आईने तिथल्या तिथे साखळीचं लाकडी कीचेन घेतलं, साखळीच्या एका टोकाला चावी, दुसऱ्या टोकाला ते डोकं, असं नीट अडकवून दिलं. साखळी चारेक बोटं लांब. दिसायला छान दिसत होतं.

आंबेनळी घाटात, प्रतापगडाचा फाटा जिथे फुटतो त्या वाडा कुंभरोशीला चहाला थांबलो. चहा झाला, सेल्फ मारला, गाडीने लगेच पकडलं. एक, दोन, आणि बंद.

पुन्हा मारला. पकडलं, सुई हजाराच्या वर गेली, दोन सेकंद, बंद. धडधडली नाही, गचके दिले नाहीत. कुणीतरी दिव्याचं बटण बंद करावं तशी गप्प. ॲक्सिलरेटर दाबून ठेवला, तरी तेच. सहा वेळा.

बाबा बॉनेट उघडून उभे राहिले. त्यांचा हिशेब सरळ असतो: “सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी नाही. पकडते, म्हणजे स्पार्क आहे. पकडून सोडते, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. डिझेल असती तर आत्ता एअर काढून दिली असती.” तोवर टपरीवरच्या चौघांनी निदान करून टाकलं होतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालतात, त्यानेच सगळ्या जुन्या गाड्यांची वाट लागलीय. हे निदान सध्या कुठल्याही आजाराला चालतं.

टपरीवाल्याने फोन केला आणि तासाभराने पोलादपूरकडून एक फिटर मोटरसायकलवर आला. त्याने एअर फिल्टर काढून झटकला, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडून दाखवली. आत खरंच काजळी होती. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारला, फडक्याने पुसली, बसवली. इंजिन आयडलवर असताना हवा जिथून जाते ती फट अगदी बारीक असते, तिथे काजळी बसली की पाय काढल्यावर गाडी बंद पडते. त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. अशी गाडी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर चालू राहते. आमची राहत नव्हती.

पण त्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि गाडी चालू. सहाशे रुपये दिले, वर चहा पाजला.

त्यानंतर दापोलीपर्यंत मी गाडी बंदच केली नाही. कशेडीला आता बोगदा झालाय, जुना घाट चुकतो, त्यामुळे खेड लवकर आलं. खेडला आई-बाबांनी मिसळ खाल्ली आणि मी चालू गाडीत बसून पाव खाल्ला. रात्री मुक्कामावर बाबांनी आईच्या खर्चाच्या वहीचं शेवटचं पान फाडलं आणि पट्टीने रेघा मारल्या. तारीख, वेळ, ठिकाण, ड्रायव्हर, शेरा.

“ड्रायव्हरचा रकाना कशाला? मीच चालवतेय ना?”

“लॉगशीटला ड्रायव्हरचा रकाना असतो,” बाबा म्हणाले. विषय संपला.

दिवस दुसरा : दापोली, हर्णै

सकाळी सेल्फ मारला. दोन सेकंद, बंद. शेरा : ‘बंद’. चार वेळा.

दापोलीचा मेस्त्री मला आवडला. तो आल्या आल्या हत्यारं काढत नव्हता, आधी कान लावत होता. त्याने मला इग्निशन नुसतं ऑन करायला सांगितलं आणि स्वतः मागच्या सीटवर आडवा होऊन कान गादीला लावला. पेट्रोलचा पंप टाकीत असतो, टाकी मागच्या सीटखाली. चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद ‘ऊंऽऽ’ करून लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. इंजिन फिरायला लागलं की मग सतत चालतो. “पहिला दोन सेकंदांचा दाब येतोय, ताई. पुढे पंप सोडतोय की काय ते बघू.” दोन सेकंद हा आकडा आमच्या दुखण्याशी इतका जुळत होता की बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मग त्याने पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच, काढून हॉर्नचा रिले तिथे बसवला. दोन्ही एकाच जातीचे, हॉर्न वाजत असेल तर तो रिले चांगला, एवढी सोपी परीक्षा. फरक पडला नाही. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. नव्हता. इथेनॉल निर्दोष सुटलं. नळी सोडून सेल्फ मारला तर पेट्रोल पिचकारीसारखं उडालं. शेवटी “फिल्टर किती वर्षांचा आहे?” या प्रश्नावर मी गप्प बसले आणि फिल्टर बदलला गेला. सतराशे पन्नास रुपये. त्याने चावी फिरवली, गाडी चालू. तीनदा बंद करून चालू केली, तिन्हीदा चालू. शेरा, बाबांच्या अक्षरात : ‘फिटर. चालू. चालू. चालू.’

दुपारी मुरूडला गेलो, महर्षी कर्व्यांच्या गावी. आईला तिथल्या पाखाडीतून नुसतं चालायचं होतं. चिऱ्याचे गडगे, नारळी-पोफळी, मधूनच कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. चार वाजता हर्णैला लिलाव पाहायला. होड्या किनाऱ्याजवळ येऊन थांबतात, माल बैलगाड्यांतून वाळूवर येतो, आणि पापलेट-सुरमईचे वाटे मांडून बोली सुरू होते. बोली इतकी भरभर चालते की आईने कोळंबीकडे नुसतं बोट दाखवलं तर ती जवळजवळ तिच्या गळ्यात पडली. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

परत आलो. सेल्फ. दोन सेकंद. बंद.

मी डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. बाबा म्हणाले, “सरक. बघू.” ते बसले, चावी फिरवली, गाडी चालू. मुद्दाम बंद केली, परत फिरवली. चालू.

“हात लागतो,” बाबा म्हणाले.

“अहो, हात कसला, इतक्या वेळा मारून ती आता गरम झाली असेल,” आई म्हणाली खरं, पण तिच्या आवाजात कौतुक होतं. रात्री कोळंबीचं तिखलं खाताना आईने घरमालकिणीला सांगून टाकलं की आमच्या ह्यांच्याच हाताला गाडी चालू होते, मुलीच्या होत नाही. मालकीण म्हणाली, “असता हो तसा. आमची म्हसपण माज्या सासूच्याच हाताक लागायची.”

मला त्या रात्री राग आला होता, तो गाडीचा की म्हशीचा, सांगता येत नाही.

दिवस तिसरा : दाभोळ, धोपावे, गुहागर

सकाळी गाडी बाबांनी चालू केली, मग मी बसले. आमची ही नवी पद्धत, बोटीतल्या तांडेलासारखी. दाभोळला चंडिकादेवीच्या गुहेत जाऊन आलो (आत मिणमिणता उजेड असतो, वाकून जावं लागतं, बाबांचे गुडघे कुरकुरले) आणि फेरीच्या रांगेत लागलो.

दाभोळ-धोपावे फेरी म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरचा दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. गाड्या अगदी खेटून लावतात, आरसे मिटायला लावतात. इंजिन बंद करावं लागतं. मी बंद केलं. आई-बाबा वर कठड्याशी वारा खायला गेले. आमची गाडी रांगेत पहिली होती, तोंड थेट रॅम्पकडे.

धोपाव्याला रॅम्प खाली पडला, खलाशाने शिट्टी मारून हात केला. सेल्फ. दोन सेकंद. बंद.

मागे एक दुधाचा टेम्पो, दोन मोठ्या गाड्या आणि डझनभर मोटरसायकली. आधी एक हॉर्न वाजला, मग सगळे. आठ वेळा सेल्फ मारला असेल मी. खलाशी खिडकीशी येऊन म्हणाला, “ताई, न्यूट्रल करा, ढकलतो.” चौघांनी ढकलली. रॅम्पवरून चाकं काँक्रीटवर लागली तेव्हा कुणीतरी ओरडलं, “सेकंडवर टाका, क्लच सोडा!” मी टाकली, सोडली, गाडीने गचका खाऊन पकडलं, पुढे दोन हात गेली आणि मेली. ढकलून चालू केली तरी तेच दोन सेकंद! घाम पुसत तो खलाशी म्हणाला, “ह्येचा इंजान चांगला हाय. ह्येला कोन तरी आतनंच बंद करताय.”

त्या वेळी मला वाटलं, भुताखेताचं काहीतरी म्हणतोय.

बाबा धापा टाकत आले. “सरक.” चालू. पाठीमागून टाळ्या पडल्या, आणि सांगायला लाज वाटते, मी गुहागरपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. वाटेत अंजनवेलचा वीजप्रकल्प लागतो, लोकांच्या तोंडी अजून ‘एन्रॉन’च. बाबांनी त्यावर बरंच काही सांगितलं. मी ऐकलं नाही.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, सुरूच्या बनातून किनारा, मऊ भात आणि पोह्याचा पापड. समुद्र तिथे लांबच लांब सरळ आहे आणि संध्याकाळी जवळजवळ रिकामा. एवढंच, कारण माझं लक्ष नव्हतं.

रात्री साडेनऊला आईला आठवलं की गाडीची मागची काच उघडी राहिलीय. काचा बटणावरच्या, म्हणजे इग्निशन ऑन करावं लागणार. वाडीत मिट्ट काळोख. मी बसले, दोन बोटांनी चावी धरून ऑन केली, काच वर घेतली. आणि मीटरच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, स्टिअरिंगच्या कडेमागे, एक तांबडा ठिपका लुकलुकताना दिसला. वाकून पाहिलं. एक चिमुकली गाडी आणि तिच्या पोटात चावीचं चित्र. तीन दिवस उन्हात, त्यात डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या प्लॅस्टिकच्या डबीची झळाळी, तो दिसणं शक्यच नव्हतं.

ग्लोव्हबॉक्समधून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. पहिल्या मालकाने ते प्लॅस्टिकमधून बाहेरही काढलं नव्हतं. मोबाइलच्या उजेडात ते चित्र शोधलं : इमोबिलायझर, म्हणजे परक्या चावीने गाडी चालू देत नाही ती चोरीविरोधी यंत्रणा. ऑन केल्यावर दिवा लागून थोड्या वेळात विझला, तर गाडीने चावी ओळखली. लुकलुकत राहिला, तर ओळखली नाही.

चावी बंद केली. आता मुद्दाम बाबांसारखी धरली. बाबा चावी कधीच दोन बोटांत धरत नाहीत. सगळा जुडगा मुठीत घेतात, साखळी, कीचेन, डोकं सगळं, आणि मूठ कुलपाला टेकवून मनगटाने फिरवतात. एसटीची सवय असेल. तशी फिरवली. दिवा लागला, विझला. सेल्फ मारला. चालू, आणि चालूच.

बंद. साखळी लोंबती सोडून फिरवली : लुकलुक, दोन सेकंद, बंद. मुठीत : चालू. लोंबती : बंद. त्या काळोख्या अंगणात मी हे किती वेळा केलं माहीत नाही. आवाजाने बाबा लुंगी सावरत बाहेर आले, हातात लॉगशीट.

प्रकार असा होता. खऱ्या चावीच्या डोक्यात बटणांखेरीज एक वेगळी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी ऑन केली की ते वेटोळं चिपला दुरूनच जराशी वीज पुरवतं आणि चिप आपला नंबर सांगते. नंबर जुळला तर ठीक. नाही जुळला तर काही गाड्या सेल्फच मारू देत नाहीत, आणि आमच्यासारख्या काही गाड्या चालू होऊ देतात, पण दोन सेकंदांत इंजेक्टर बंद करून पेट्रोल तोडतात. म्हणजे बाबांचं ‘पेट्रोल पोचत नाही’ हे खरंच होतं. पण हे वेटोळं ओळखतं फक्त काही सेंटिमीटरवरून. छोट्या रिंगमध्ये ते डोकं कुलपाला जेमतेम चिकटून होतं म्हणून दोन आठवडे गाडी चालली. महाबळेश्वरच्या साखळीने ते चार बोटं खाली नेलं. एकदा ओळख पटली की मग साखळी कितीही लोंबू दे, गाडी चालता चालता बंद पडत नाही. म्हणूनच घाटात कधी पडली नाही. आणि दाराचं लॉक तर बटणाच्या छोट्या बॅटरीवर चालतं, त्याचा या चिपशी संबंधच नाही. ते तीन दिवस टिकटिक उघडत होतं, त्यामुळे चावीवर आमचा संशय जाणार कसा?

चावीवाला नुसतं “टाकू नका” म्हणाला नव्हता, हेही तेव्हा आठवलं. पुढे काहीतरी “याच्याशिवाय गाडी...” असं होतं. मी तेव्हा सुटे पैसे शोधत होते.

बाबांनी पायरीवर बसून चष्मा लावला आणि ड्रायव्हरचा रकाना वरून खाली वाचला. “तू : सव्वीस वेळा सेल्फ, त्यातले बावीस बंद. मी : सात वेळा, सगळे चालू. फिटर दोघे : चार, सगळे चालू.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “त्या दोघांनीही जुडगा मुठीत धरला असणार. हात तेलकट असला की चावी निसटते, म्हणून मेकॅनिक अख्खी मूठ धरतो.”

मग कागदाची घडी घालत हळूच म्हणाले, “म्हणजे हात लागत नव्हता.”

आई दारातून म्हणाली, “लागत होता की. मूठ हाताचीच असते ना?”

चिवड्याच्या पिशवीचं रबरबँड काढून तिने ते डोकं साध्या चावीला घट्ट बांधून दिलं.

दिवस चौथा : चिपळूण, कुंभार्ली घाट, पुणे

रबरबँडवर गाडी पाचदा चालू झाली, पाचही वेळा माझ्या हाताने. हेदवी आणि वेळणेश्वर राहूनच गेले, पण चावीचं काम करून घ्यायचं होतं म्हणून सरळ चिपळूण गाठलं. बाजारातल्या चावीवाल्याने ब्लेडने ते डोकं उलगडलं. बटणांची हिरवी पट्टी, गोल बॅटरी, आणि कोपऱ्यात वालाच्या दाण्याएवढी काळी, चपटी वडी. एवढीशी! चिमट्याने उचलून त्याने माझ्या तळहातावर ठेवली. हिच्यापायी थ्रॉटल बॉडी धुतली गेली, फिल्टर बदलला गेला, चार माणसांनी मला फेरीवरून ढकललं.

“लोकं जुनं कव्हर टाकून देतात आणि ही त्यातच जाते,” तो म्हणाला. “मग नवी चिप आणून गाडीला कॉम्प्युटर लावून ओळख करून द्यावी लागते. तुमची आहे, नशीब.” तीच चिप असल्यामुळे गाडीला काही शिकवायची गरज नव्हती. नवं कव्हर, नवं पातं, वडी तिच्या खोबणीत, वरून डिंकाचा थेंब. साडेचारशे रुपये. बाबांनी डिंक वाळेपर्यंत चावी कुणाला हात लावू दिली नाही.

कुंभार्ली घाटात वळणावळणावर बाबा आतल्या आत क्लच दाबत होते, ते मला आरशात दिसत होतं. कोयनानगरला भजी आणि चहा. लाकडी कीचेन आईने पर्समध्ये टाकलं. कपाटाच्या चावीला लावणार म्हणाली. निघताना मी चावी खिशातून काढली तर बाबांनी हात पुढे केला.

“दे. मी चालू करून देतो.”

ते बसले, मूठ कुलपाला टेकवली, मनगट फिरवलं. गाडी चालू झाली. बाबांनी खिशातून लॉगशीट काढून लिहिलं : ‘दु. २.४०. कोयनानगर. स्वतः. चालू.’